गाडीभाडे कोणाकडे?



कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात शेतकरी आणि मजूर बायकांच्या टोळीची प्रमुख यांच्यात बोलणी होतात, तेव्हा दोन गोष्टी ठरतात. वेचणीचा भाव किलोला किती, ही पहिली. गाडीभाडे कोणाकडे, ही दुसरी. मजूर दुसऱ्या गावाहून आणायचे असतील तर ॲपेचे किंवा टेम्पोचे भाडे बहुतेक वेळा शेतकरीच देतो. तो काही फार उदार असतो अशातला भाग नाही. कापसाला भाव नाही, खताचे पैसे फिटायचे आहेत, पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही, अशा घाईत तो एकेक रुपया मोजत असतो. तरीही भाडे देतो, कारण बाया आल्या नाहीत तर कापूस झाडावरच भिजेल, हे त्याला कळते. मजुराला कामापर्यंत आणणे हा वेचणीच्या खर्चाचाच भाग आहे, हे त्याला कोणत्याही कायद्याने शिकवलेले नाही. हाच दुसरा प्रश्न बांधावरून उचलून एमआयडीसीच्या गेटवर, सरकारी कचेरीच्या दारात आणि बाजारपेठेतल्या दुकानात विचारावा, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. कामावर येण्या-जाण्याचा खर्च ज्याचे काम आहे त्याने उचलावा, तो रोख भत्त्याच्या रूपात न देता बसच्या पासच्या आणि पाळीच्या वेळेला येणाऱ्या बसच्या रूपात द्यावा, असे माझे म्हणणे आहे.

आपला जालना 1 मे 1981 रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जिल्हा झाला. शहराची ओळख त्याआधीच बियाणे आणि लोखंडाने घडू लागली होती. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली. पुढे सळई तयार करणाऱ्या रोलिंग मिल आणि भट्ट्या वाढल्या. या उद्योगांत काम करणारी माणसे दोन प्रकारची आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून येऊन कारखान्याच्या आसपास खोल्या करून राहणारी एक. आणि आजूबाजूच्या खेड्यांतून रोज अप-डाऊन करणारी दुसरी. या दुसऱ्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. गाव वीस किलोमीटरवर धरा, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस. दुचाकी लिटरला पन्नास किलोमीटर देते असे समजू. पेट्रोल लिटरला 105 रुपये धरले तर रोजचे 84 रुपये आणि महिन्याच्या सव्वीस ड्यूट्यांचे 2,184 रुपये होतात. पगार 14 हजार असेल तर साडेपंधरा टक्के पगार नुसता टाकीत जातो. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही. पाळी रात्री अकराला सुटत असेल तर थंडी-पावसातला तो वीस किलोमीटरचा रस्ताही हिशेबाबाहेरच राहतो. गाडी बंद पडली की खाडा, आणि खाड्याचा दिवस मस्टरवर बिनपगारी. थोडक्यात, कारखान्याच्या उत्पादनखर्चातली एक बाब कामगाराच्या घरखर्चात लिहिली जाते.

ती तिथे लिहिली जाण्याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे. 1948 चा कारखाने कायदा त्याच्या काळात मोठा दूरदर्शी होता. अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उपहारगृह, दीडशेहून अधिक असतील तर विश्रांतीची खोली, तीसहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर अशा तरतुदी त्यात होत्या. कामगार काय खाईल, कुठे टेकेल, त्याचे मूल कोण सांभाळेल, याचा विचार त्या कायद्याने केला. मात्र तो गेटपर्यंत येईल कसा, याविषयी त्यात अक्षरही नव्हते. आपली वेतनाची व्याख्याही तशीच. 1936 चा वेतन प्रदान कायदा, 1948 चा किमान वेतन कायदा आणि 2019 ची वेतन संहिता या तिन्हींनी प्रवासभत्ता आणि प्रवाससवलतीचे मूल्य वेतनाच्या मूळ व्याख्येबाहेर ठेवले. भाडे वेतनात नाही, कल्याणकारी सोयींतही नाही. मग ते आहे तरी कशात? उत्तर मिळत नाही म्हणून ते कामगाराच्या खिशात जाऊन पडले.

या कोड्याला सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये एक महत्त्वाचा धक्का दिला. प्रकरण आपल्या मराठवाड्यातलेच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार. ड्यूटी पहाटे तीन ते सकाळी अकरा. 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे मोटारसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी 2009 मध्ये कुटुंबाला भरपाई दिली. उच्च न्यायालयाने 2011 मध्ये ती रद्द केली, कारण अपघात कारखान्यात झाला नव्हता, रस्त्यावर झाला होता. चौदा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा दिली. न्यायालयाचे तर्कशास्त्र साधे होते: पहाटे तीनच्या ड्यूटीला वेळेत पोहोचण्यासाठी माणूस त्या वेळी त्या रस्त्यावर होता, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसतो, म्हणून तो अपघात नोकरीतूनच उद्भवलेला मानायचा. कर्मचारी राज्य विमा कायद्यात 2010 च्या दुरुस्तीने हे तत्त्व आधीच लिहिले गेले होते. न्यायालयाने ते भरपाईच्या कायद्यालाही लावले. आता विचार करा. घरापासून गेटपर्यंतचा रस्ता कामगार त्यावर मेला तर कामाचा ठरतो. तो त्यावरून रोज सुखरूप जातो-येतो तेव्हा मात्र त्याचा खाजगी ठरतो. मरणाची जोखीम मालकाची आणि पेट्रोलचा खर्च मजुराचा, ही विभागणी तर्कात बसत नाही आणि माणुसकीत तर नाहीच.

कोणी म्हणेल, आपल्याकडे भत्ते आहेत की. आहेत, आणि ते कोणाला मिळतात हे पाहण्यासारखे आहे. सातव्या वेतन आयोगानंतर 1 जुलै 2017 पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मिळणारा वाहतूक भत्ता शहराच्या वर्गावर आणि पदाच्या स्तरावर ठरतो. मुंबई, पुणे, नागपूर धरून देशातल्या एकोणीस शहरांना जास्त दर. जालना ‘इतर’ ठिकाणांत. त्या इतर ठिकाणी नवव्या स्तरापासून वरच्या अधिकाऱ्याला महिना 3,600 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, तिसऱ्या ते आठव्या स्तराला 1,800, आणि सगळ्यांत खालच्या दोन स्तरांना साधारणपणे 900. एकाच पोस्टात, एकाच गावाहून, एकाच बसने येणाऱ्या दोघांपैकी साहेबाला चौपट भाडे. अंतर किती, बस आहे की नाही, पाळी रात्रीची की दिवसाची, यांपैकी कशाचाही भत्त्याशी संबंध नाही. तो भत्ता पदाच्या मानाचा झाला, प्रवासाचा राहिला नाही.

आयकराची कथाही याच वळणाची आहे. वाहतूक भत्त्यावर महिना 800 रुपयांपर्यंत करमाफी होती. 2015 च्या अर्थसंकल्पाने ती 1,600 केली आणि 2018 च्या अर्थसंकल्पाने काढून टाकून तिच्या जागी सगळ्यांसाठी 40 हजारांची प्रमाणित वजावट आणली. पगारदार मध्यमवर्गाचे त्यात फार बिघडले नाही. पण वर्षाला दीड-पावणेदोन लाख कमावणारा कामगार कर भरतच नाही. त्याला त्या 1,600 चा कधी उपयोग नव्हता आणि वजावटीचाही नाही. करमाफीच्या वाटेने दिलेली प्रवाससवलत जितका पगार मोठा तितकी मोठी होते, हा तिचा मूळ दोष आहे. याच्याच शेजारी दुसरा नियम ठेवून पहा. कंपनीने दिलेली मोटार अधिकारी काही कामासाठी आणि काही घरासाठी वापरत असेल, तर 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीचे करपात्र मूल्य आयकर नियमांनी कित्येक वर्षे महिना 1,800 रुपये धरले. गाडी, इंधन, देखभाल सगळे मिळून अठराशे! कायद्यात एक चांगली तरतूदही आहे, ती दडवून ठेवणार नाही: मालकाने घर ते कामाचे ठिकाण अशी वाहनाची सोय केली तर ती कर्मचाऱ्याचे उत्पन्न मानली जात नाही. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानेही तेरापेक्षा जास्त आसनांच्या वाहनाला लहान मोटारीपेक्षा सवलतीची वागणूक दिली आहे. म्हणजे कारखान्याने बस सुरू केली तर करखाते आड येत नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या मोठ्या कारखान्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्या मिलच्या गेटवर मात्र सोयीच्या नावाखाली बहुधा पत्र्याची एक शेड दिसते, दुचाक्या लावायला.

त्या शेडविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण तीही एक सवलतच आहे. कर्मचाऱ्याला गाडी लावायला फुकट जागा देणे हे जगभर सर्वांत जास्त दिले जाणारे आणि सर्वांत कमी मोजले जाणारे प्रवासाचे अनुदान आहे. अमेरिकेत 1992 च्या कायद्यानंतर पार्किंग आणि सार्वजनिक वाहतूक या दोन्ही खर्चांना करमाफीची स्वतंत्र मर्यादा मिळाली. सुरुवातीला पार्किंगला महिना 155 डॉलर आणि बस-रेल्वेला फक्त 60. दोन्ही मर्यादा कायमच्या समान व्हायला 2015 उजाडले. त्याच सुमारास, 1992 मध्येच, कॅलिफोर्नियाने एक वेगळा कायदा केला: मालक कर्मचाऱ्यासाठी पार्किंगची जागा भाड्याने घेत असेल, तर ती नको असणाऱ्याला तेवढे पैसे रोख द्यावेत. डोनाल्ड शूप या अभ्यासकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या आठ कंपन्यांत त्याचा परिणाम तपासला. एकट्याने गाडी चालवत येणाऱ्यांचे प्रमाण 76 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर आले. बसने येणारे निम्म्याने वाढले. बस नवी आली नव्हती की रस्ता बदलला नव्हता. गाडीला मिळणारे छुपे अनुदान उघडे पडले आणि ते माणसाच्या हातात आले, एवढेच झाले. आपल्याकडे 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने इमारतीच्या वापरानुसार आणि आकारानुसार गाड्यांसाठी किती जागा सोडायची याचे तक्ते दिले आहेत. त्या जागेला पैसा लागतो आणि तो पैसा कोणाच्या सोयीसाठी खर्च होतो, हे विचारायला हरकत नसावी. 2011 च्या जनगणनेने कामावर जाण्याच्या साधनांची देशभर नोंद घेतली, तेव्हा शेतीबाहेरच्या कामांसाठी प्रवास करणाऱ्यांत पायी जाणारे सर्वांत जास्त निघाले आणि मोटारीने जाणारे अगदी मूठभर.

भाडे मालकाकडे, हे तत्त्व परदेशातूनच आणावे लागेल असे मात्र नाही. ते आपल्या कायद्यात 1979 पासून आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला बजावले होते की कामगाराच्या राहत्या ठिकाणापासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या भाड्याइतका प्रवासभत्ता द्यायचा, जातानाचा आणि परततानाचाही. आणि प्रवासाचे दिवस ड्यूटीचे धरून वेतनही द्यायचे. भारतीय संसदेने लिहिलेले हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. प्रवासाचा वेळसुद्धा काम आहे, इथपर्यंत ते गेले. आणि ते किती कागदावर राहिले, याची सर्वांत दुःखद खूण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशातले होते, जालन्याच्या लोखंड उद्योगात कामाला होते आणि गावी परतण्यासाठी रुळांच्या कडेने चालत निघाले होते. टाळेबंदीमुळे प्रवासी गाड्या मार्चअखेरपासून बंद होत्या, श्रमिक गाड्यांचा गोंधळ होता. ही शोकांतिका केवळ भाड्याची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही त्या महिन्यात देशभर मजुराच्या तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे यावर केंद्र, राज्ये आणि रेल्वे यांच्यात वाद चालू होता, आणि 28 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मजुरांकडून भाडे घेऊ नका. एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या कायद्यात ज्याचे उत्तर होते तो प्रश्न मजूर चालत असताना नव्याने चर्चेला घेतला गेला, ही आपली लाज आहे. पुढे 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा हक्क ठेवला, ठेकेदाराशिवाय स्वतःहून आलेल्यालाही स्थलांतरिताच्या व्याख्येत घेतले. चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला वर्षातून एकदा जाण्या-येण्याचे भाडे मिळायला हवे, हे आपण मान्य केले. मग मंठ्याहून किंवा घनसावंगीहून रोज येणाऱ्याने कोणते पाप केले आहे?

जगात या प्रश्नाला दोन सरळ उत्तरे दिली गेली आहेत आणि दोन्ही आपल्याला उपयोगी आहेत. ब्राझीलने 1985 मध्ये कायदा केला आणि दोन वर्षांत तो सक्तीचा केला. त्यात कामगार आपल्या मूळ वेतनाच्या जास्तीत जास्त सहा टक्के प्रवासाला देतो. वरचे भाडे मालकाचे, आणि ते प्रवासाच्या पासाच्या रूपात. मघाच्या आपल्या माणसाला हे लावले तर त्याच्या 14 हजारांतून 840 रुपये जातील, पुढचा भार त्याच्यावर नाही. फ्रान्सने दुसरी वाट धरली. 1971 पासून पॅरिस परिसरात आणि नंतर इतर शहरांत मालकांकडून पगारखर्चाच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो आणि तो बस-रेल्वेवर खर्च होतो. शिवाय पासाची निम्मी किंमत मालकाने देण्याची सक्ती पॅरिस परिसरात 1982 पासून आणि देशभर 2009 पासून आहे. जपानमध्ये तर प्रवासभत्ता हा नोकरीचा इतका सवयीचा भाग आहे की महिना दीड लाख येनपर्यंत त्यावर आयकर नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, आणि सर्वांत वजनदार आक्षेप आधी घेतो. अर्थशास्त्र जाणणारा म्हणेल की मालक आज पास देईल आणि उद्या पगारवाढीतून तेवढे कापून घेईल. शेवटी भाडे कामगारच भरेल. यात तथ्य आहे. पण किमान वेतनाच्या आसपास असलेल्या कामगाराचा पगार कायद्याने खाली आणता येत नाही, आणि आपले बहुतेक अप-डाऊन करणारे त्याच पातळीवर आहेत. दुसरी गोष्ट, पन्नास जणांनी पन्नास दुचाक्यांवर जाणे आणि एका बसमध्ये जाणे यांचा एकूण खर्च सारखा नसतो. इंधनापुरतेच बोलू: वर धरलेल्या आकड्यांनी पन्नास दुचाक्या दिवसाला चाळीस लिटर पेट्रोल जाळतात, लिटरला चार किलोमीटर देणारी बस रिकाम्या फेऱ्या धरून ऐंशी किलोमीटर धावली तरी वीस लिटर डिझेलमध्ये काम भागते. निम्मे इंधन वाचले, तर ती बचत दोघांत कशी वाटायची एवढाच वाद उरतो, आणि तो वाद करण्यासारखा आहे. तिसरी गोष्ट जिवाची. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली आणि त्यांतली सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. रात्रीची पाळी करून झोपेला आलेल्या माणसाला बसच्या आसनावर बसवून घरी पोहोचवणे ही पगाराच्या आकड्यात न मावणारी गोष्ट आहे.

याच्याशी जोडलेला दुसरा आक्षेप असा, की रोख भत्ता द्या, माणूस आपले आपण बघेल, पास कशाला? मला हे पटत नाही, कारण आपण रोख भत्त्याचे काय केले ते समोर आहे. वाहनभत्ता वेतनाच्या व्याख्येबाहेर आहे हे कळल्यावर कित्येक पगारपत्रकांत मूळ वेतन बारीक आणि भत्ते गुबगुबीत झाले, कारण मूळ वेतन कमी म्हणजे भविष्य निर्वाह निधी कमी. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सरसकट सगळ्यांना मिळणारे असे भत्ते मूळ वेतनातच धरायचे. आणि नव्या वेतन संहितेने वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात धरण्याची अट घातली. पगारपत्रकावरचा भत्ता हिशेबनिसाच्या लेखणीने हवा तिथे सरकवता येतो. पास तसा सरकवता येत नाही. तो फक्त प्रवासालाच लागतो आणि जितके पास विकले गेले तितकी बस टिकते.

तिसरा आक्षेप लहान मिलवाल्यांचा, आणि तो मी हलका लेखत नाही. लोखंडाच्या धंद्यात नफा पातळ असतो आणि विजेचे बिल मोठे. म्हणूनच 2016 मध्ये राज्य सरकारने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली. ती योग्यच होती. पण जनतेच्या पैशातून भट्टीला वीज स्वस्त मिळते, तर त्या भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पासाची अट तिला जोडली तर तो उद्योगावर अन्याय होत नाही. सरकारलाही हे अवघड नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि त्या सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देते. भाड्याचा भार एकाच्या खिशातून दुसऱ्याकडे नेता येतो हे महाराष्ट्राने करून दाखवले आहे. जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ झाली तेव्हा ते अर्धे तिकीट बायकांच्या किती कामी आले असेल, हे वेगळे सांगायला नको. एसटीचा मासिक पासही काही नवा नाही: वीस दिवसांचे भाडे भरायचे आणि तीस दिवस फिरायचे. सगळे तयार आहे. फक्त पासाचे पैसे देणारा बदलायचा आहे.

ठेक्यावरच्या कामगाराचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. उत्तर 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते: ठेकेदाराने वेतन किंवा सोयी दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्यायच्या. पासालाही तोच नियम लावता येईल. सरकारी कर्मचाऱ्याचे काय, हाही प्रश्न रास्त आहे. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांना मुख्यालयी राहण्याची अट आहे, घरभाडे भत्ता त्याच नावाने मिळतो, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्याहून अप-डाऊन चालूच असते. या मुद्द्यावर ग्रामसभा आणि शिक्षक संघटना यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहेत. मुलांचे शिक्षण, जोडीदाराची नोकरी, खेड्यात भाड्याने न मिळणारी घरे ही खरी कारणे आहेत. आणि शिक्षक गावात नसल्याने होणारे नुकसानही खरे आहे. वाद मिटवण्याचे सामर्थ्य माझ्या सूचनेत नाही. पण जे रोज घडते ते कागदावर घडतच नाही असे मानून कोणतीही वाहतूक आखता येत नाही, एवढे नक्की. रेल्वेने तर रोज अप-डाऊन करणाऱ्या माणसाकडे पाठच फिरवली आहे. 2009 मध्ये महिना पंधराशेपर्यंत उत्पन्न असणाऱ्या असंघटित कामगारासाठी शंभर किलोमीटरपर्यंत पंचवीस रुपयांचा ‘इज्जत’ पास आला होता, तो विचार उमदा होता. 30 डिसेंबर 2023 रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली तेव्हा आपल्या सगळ्यांना आनंद झाला. मासिक पासधारकाला मात्र तिच्यात बसता येत नाही.

राहिला तो आक्षेप, ज्याने मला माझे म्हणणे थोडे बदलायला लावले. ब्राझीलची पद्धत तशीच्या तशी आणली तर मालक हिशेब करेल: जवळच्या माणसाचा पास स्वस्त, लांबच्याचा महाग, मग जाफराबादच्या पोराला कामावर घ्यायचेच कशाला? ज्याला मदत करायची त्याचीच नोकरी जायची. म्हणून वाटणी माणसागणिक नको, ती फ्रान्ससारखी सामायिक हवी. एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्याने आपल्या गेटच्या नोंदीवर जितकी डोकी आहेत, ठेक्यावरची धरून, तितक्यांचा ठरावीक दर एका निधीत भरावा. कामगार पाच किलोमीटरवरून आला काय आणि तीस किलोमीटरवरून आला काय, मालकाचा दर एकच. त्या निधीतून पाळीच्या बस चालाव्यात. एसटीकडे प्रासंगिक कराराची पद्धत आहेच. लग्नाला, सहलीला, वारीला बस मिळते तशी ती वर्षाच्या करारावर पाळीला का मिळू नये? जिल्ह्यात जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद अशी आगारे आहेत. रिकामी धावेल या भीतीने एसटी रात्रीची फेरी सोडत नाही आणि फेरी नाही म्हणून कामगार दुचाकी घेतो. आगाऊ भरलेल्या निधीने ही गाठ सुटते, कारण फेरी रिकामी गेली तरी तिचे पैसे आधीच आलेले असतात.

सुरुवात मोठी करण्याची गरज नाही. एक पाळी आणि तीन रस्ते पुरेत: बदनापूरचा, अंबडचा आणि भोकरदनचा. रात्री अकराला सुटणारी पाळी आधी घ्यावी, कारण तिच्या वेळेला आज सर्वांत कमी साधने आहेत. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने रात्री काम करणाऱ्या स्त्रीला तिच्या घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्यांतही स्त्रियांना संमतीने रात्रपाळी खुली केली आहे. मिलमध्ये आणि बियाण्याच्या प्रक्रिया केंद्रांत त्या रात्रपाळीला येणार असतील तर गाडी लागणारच, आणि ती गाडी त्यांच्यासोबत पुरुष कामगारांनाही नेऊ शकते. करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. ठेक्यावरच्या कामगाराला पास देताना मस्टरवरचे नाव पुरेसे मानले जाईल. ओव्हरटाइममुळे पाळी लांबली तर बस थांबेल आणि थांबण्याचे पैसे थांबवणारा कारखाना देईल. आणि बस आली नाही म्हणून उशीर झाला तर त्या दिवशी खाडा लागणार नाही. पुढच्या वेतनकराराच्या बोलणीला बसताना कामगार संघटनांनी आणि उद्योजकांच्या संघटनेने हा कागद टेबलावर ठेवावा. भाव काय, हे ठरवून झाल्यावर गाडीभाडे कोणाकडे, हे त्यांनी वेचणीच्या टोळीइतक्याच मोकळेपणाने एकमेकांना विचारावे.